वरचं नाव

"मला ह्यांच्याखाली घाल," मंदाकाकू म्हणाल्या.

मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. समोर काकू, आणि खिडकीपाशी आरामखुर्चीत, पेपर तोंडासमोर धरून, गायधनी काका. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. मी तेव्हा 'आधारछाया' नावाच्या कंपनीत होते. मुलं परदेशात असलेल्या म्हाताऱ्या माणसांची आम्ही सोय बघायचो. मदतीला बाई, दोन वेळचा डबा, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या. इतकी वर्षं तो सगळा कारभार आमच्या खैरनार सरांच्या डोक्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालला होता. त्या वर्षी सरांना कुणीतरी सीआरएम घ्यायला लावलं. सगळ्या ग्राहकांची नावनिशी आणि कुणाला काय सेवा द्यायची ते एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. आणि घरोघरी जाऊन त्यात नाती भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नाती भरायची म्हणजे कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली ते ठरवायचं. त्या सॉफ्टवेअरला मोकळं माणूस चालत नसे. सगळ्यात वर करार करणारा मुलगा नाहीतर मुलगी, त्याच्याखाली आईवडील. निरोप वरून खाली जायचा, परवानगीही वरूनच यायची, आणि वरचं नाव बंद केलं की खालचं सगळं आपोआप बंद व्हायचं. शिकवायला आलेल्या पोरानं हे दाखवलं तेव्हा खैरनार सर खुर्चीतून उठलेच. "वा! एका क्लिकमध्ये अख्खं घर मार्गी," म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला क्लिकचं फार कौतुक.

"काकू, तुम्हा दोघांना कौस्तुभदादांच्या खाली शेजारी-शेजारी घालते ना," मी म्हणाले. कौस्तुभ हा त्यांचा एकुलता एक मुलगा. कॅनडात, कॅलगरीला.

"शेजारी-शेजारी काय? आम्ही काय एसटीतले प्रवासी आहोत? वर कौस्तुभ, मग हे, आणि ह्यांच्याखाली मी. सरळ आहे."

पेपरच्या आडून आवाज आला, "आयुष्यभर डोक्यावर बसली आणि आता म्हणे खाली."

"तुम्ही वाचा हो तुमचं."

"वाचतोय. निधनवार्ता. आपल्या वयाचे बरेच आहेत आज."

मी हसू दाबलं आणि काकूंना समजावायला लागले. "अहो, ऐका तरी. काकांच्या खाली घातलं आणि उद्या काही कारणानं काकांचं नाव बंद झालं, तर तुमचंही बंद होईल. डबा, मदतीला येणाऱ्या छबूताई, औषधं, सगळंच."

"आपोआप?"

"आपोआप."

काकूंनी क्षणभर विचार केला आणि मग त्या इतक्या हसल्या की डोळे मिटूनच गेले. "मग छानच आहे की गं. यमालासुद्धा एवढी अक्कल नाही."

काकांनी पेपर खाली घेतला. ते मात्र हसले नाहीत. "मंदा, भलतंसलतं बोलू नकोस," एवढंच म्हणाले आणि पुन्हा पेपरच्या आड गेले.

मी सरांना फोन लावून विचारलं. "ग्राहक म्हणतोय ना, मग घाल तसं. तुझं काय जातंय?" असं उत्तर आलं. तेव्हा घातलं. काकू वॉकर धरून उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्यामागे आल्या आणि स्क्रीनवर वाकून त्यांनी बोट टेकवलं. वर दिगंबर गायधनी, त्याच्याखाली मंदाकिनी गायधनी.

"बरं दिसतंय," म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी मला बेसनाचा लाडू आणून दिला. गुडघे दुखत असताना, वॉकर ढकलत, एका हातात लाडू घेऊन. नको म्हणायची सोयच नव्हती.

दिवाळी झाली आणि काकांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात हलवलं. दिवसा काकूंजवळ छबूताई असायच्याच, रात्रीसाठीही एक बाई लावली. काकूंना दवाखान्याचे जिने जमणारे नव्हते, म्हणून त्यांच्या वतीनं मी जात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी माझ्या हाती मोसंब्यांची पिशवी दिली. "रस काढून दे. साखर नको, मीठ घाल चिमूटभर. त्यांना तसाच लागतो," म्हणाल्या. मी वॉर्डात पोचले तर पडदे ओढलेले होते. काका झोपेतच गेले होते. पिशवी हातात तशीच, आणि डॉक्टर मला सांगत होते, घरच्यांना कळवून घ्या.

घरचे म्हणजे आमच्या भाषेत वरचं नाव. मी कौस्तुभला फोन लावला. त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. मी सांगितलं आणि थांबले.

"आईला सांगितलंत?"

"नाही. आधी तुम्हालाच."

"मग सांगू नका."

"म्हणजे तुम्ही सांगणार?"

"मी येऊन सांगणार. समोर बसून. फोनवर नाही." त्याचा आवाज फाटला. "स्वप्नाली, तिचं हृदय कसं झालंय तुम्हाला माहीत आहे. हे ऐकून तिला तिथल्या तिथं काही झालं तर? एका आठवड्यात मी दोघांनाही घालवू का?"

तो रडत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण तेव्हा आला नाही. तरी मी म्हणाले, "दादा, निदान चेहरा तरी बघू द्या त्यांना. डॉक्टरांना बरोबर घेऊन गाडी घरी नेऊ. मी एक क्षण त्यांना सोडणार नाही. एवढ्या वर्षांचा संसार आहे हो."

"नाही. दहा दिवसांत मी येतो. तोवर बाबा दवाखान्यातच आहेत. शेजाऱ्यांनाही मी तसंच बोलायला सांगतो."

मी खैरनार सरांना फोन केला. वाटलं, ते तरी म्हणतील की बायकोला कळायला नको का. "वरच्यानं नाही म्हटलं ना? मग विषय संपला," सर म्हणाले. "उद्या म्हातारीला काही झालं तर तो आपल्या अंगावर येईल. आणि हे बघ, तू सध्या त्या घरी जाऊ नकोस. तुझा चेहरा बोलका आहे."

दुपारी अमरधामला ओझरहून काकांचा पुतण्या शेखर आला, त्यानं अग्नी दिला. मी फोन उंच धरून उभी होते आणि कौस्तुभ त्यातून बघत होता. मला राग आला तो तिथं. ज्या बाईचा नवरा जळत होता ती रिक्षानं दहा मिनिटांवर बसून मोसंब्याच्या रसाचं काय झालं याची वाट बघत होती, आणि फोनमधून सातासमुद्रापलीकडे सगळं दिसत होतं. माझा हात भरून आला, पण फोन खाली घेता येईना. मोसंब्यांची पिशवी मी दवाखान्याच्या बाकावरच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात होते. छबूताईंचा फोन आला.

"ताई, गायधनी आजीला कुठं नेलं वो?"

"कुठंच नाही. घरीच आहेत की. तुम्ही तिथं नाही?"

"मी कशी आसंन? मोबाईलवर आलं ना, सेवा समाप्त म्हणून. मला सकाळपासून पाथर्डी फाट्याला लावलंय. मला वाटलं, पोरानं आजीला ओझरला पाठिवलं आसंल."

"आणि रात्रीची बाई?"

"तिचीबी ड्युटी कापली. ती बी नाय गेली. ताई, काय झालं वो?"

मी फोन न ठेवताच स्क्रीन उघडली. दिगंबर गायधनी हे नाव राखाडी झालं होतं. त्याच्याखाली मंदाकिनी गायधनी, तेही राखाडी. आदल्या संध्याकाळी खैरनार सरांनी काकांचं नाव बंद केलं होतं. एक क्लिक. पुढचं सॉफ्टवेअरनं आपल्या हुशारीनं केलं. रात्रीची बाई, छबूताई, डबेवाला, औषधवाला, सगळ्यांना परस्पर निरोप गेले. मी काकूंना सांगितलं होतं, अगदी तस्सं.

"सर, काकूंचं काय केलंत?" मी ओरडलेच.

ते उठून आले, स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, मी तर फक्त म्हाताऱ्याचं..." पुढचं मी ऐकलं नाही. गायधनींच्या दाराची जादा किल्ली भिंतीवरच्या खुंटीला असायची, ती ओढून घेतली आणि स्कूटर काढली. वाटेत माझ्या तोंडून काय काय निघत होतं ते लिहिण्यासारखं नाही.

दार उघडलं. पडदे अर्धे ओढलेले. काकू खिडकीपाशी काकांच्या आरामखुर्चीत बसल्या होत्या, वॉकर बाजूला. समोरच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या रिकामा. गोळ्यांची डबी न उघडलेली. कपाळावर कुंकू तसंच होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"ये," त्या म्हणाल्या. "बंद झाले ना गं मी?"

मी दारातच उभी राहिले.

"रात्रीची बाई आली नाही. म्हटलं, अडकली असेल. सकाळी छबू नाही. मग डबा नाही. तुमच्या ऑफिसला फोन लावला तर एक बाई बोलते, आपली सेवा समाप्त झाली आहे, धन्यवाद. पुन्हा लावला. पुन्हा धन्यवाद." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. ओठ पार सुकले होते. "मग तुझं बोलणं आठवलं. वरचं नाव बंद झालं की खालचं आपोआप."

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि रडायला लागले. ज्यांनी रडायचं त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"कधी गेले?"

"काल सकाळी. झोपेत."

"म्हणजे रस..."

"नाही, काकू. मी पोचले तेव्हा झालेलं होतं सगळं."

"अग्नी कुणी दिला?"

"शेखरदादांनी."

"अंगावर काय होतं?"

"कोरं धोतर आणलं होतं दादांनी."

"धोतर?" त्यांचे ओठ थरथरले, हसू की काय ते कळेना. "अगं, जन्मात धोतर नेसता आलं नाही त्यांना. लग्नात मामांनी मागून गाठ धरून ठेवली होती." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू होतीस ना शेवटपर्यंत?"

"होते."

"बरं झालं. घरचं कुणीतरी होतं."

मी उठून दूध गरम केलं, त्यात बिस्किटं कुस्करली. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं. गोळ्या पुढे केल्या तेव्हा मात्र हात आवरला. "बंद झालेल्या माणसाला कशाला आता गोळ्या," म्हणाल्या. मी हात जोडले तेव्हा घेतल्या. मला वाटत होतं, आता बांध फुटेल. फुटू दे, मी आहे. पण त्यांचे डोळे कोरडेच राहिले.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजला. कौस्तुभचा व्हिडिओ कॉल. तो रोज या वेळेला करायचा. काकूंनी मला हातानंच बाजूला सरकायला सांगितलं, पदरानं तोंड पुसलं, करंगळीनं कुंकू नीट गोल केलं आणि फोन समोर धरला.

"काय रे, जेवलास?"

"आत्ताच उठलोय, आई. तू कशी आहेस?"

"मी आहे की. हे कसे आहेत?"

"बरे आहेत. झोपलेत आत्ता. दवाखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, नाहीतर दाखवलं असतं तुला."

"असू दे. त्यांना म्हणावं, रसात मीठ घालून घ्या. साखरेचा पिऊ नका."

"सांगतो."

"तुझा आवाज बसलाय. थंडीत हिंडत जाऊ नकोस."

फोन ठेवल्यावर त्या किती तरी वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. "लहानपणी ह्याला साधं खोटं बोलता यायचं नाही," म्हणाल्या. "कान लाल व्हायचे. बघितलेस? आत्ताही झाले होते."

"काकू, दहा दिवसांत येऊन समोर बसून सांगणार म्हणालेत दादा. पण तुम्हाला कळलंय ते सांगून टाकूया त्यांना. मी लावते फोन."

"नको." इतक्या जोरात त्यांनी माझं मनगट धरलं की मी दचकले. "त्यानं मनाशी ठरवलंय ना, येऊन सांगायचं? तेवढं तरी त्याच्या हातून होऊ दे. बापाला पाणी पाजता आलं नाही त्याला. आता आईला सांभाळतोय असं तरी वाटू दे."

"आणि तुम्ही?"

"मी रडेन की. तो आला म्हणजे त्याच्या गळ्यात पडून रडेन. आत्ता कुणापुढं रडू? ह्या भिंतींपुढं?" मग माझा चेहरा बघून त्यांना माझीच दया आली. "तुझ्यापुढं रडले असते गं. पण एकदा रडले की मग त्याच्यापुढं लपणार नाही. दहाच दिवस तर आहेत. तो येईपर्यंत बोलायचं नाही. घे माझी शपथ."

मी शपथ घेतली. आज वाटतं, घ्यायला नको होती. पण ते डोळे समोर असते तर तुम्हीही घेतली असती.

ऑफिसात येऊन मी त्यांचं नाव पुन्हा चालू केलं. सॉफ्टवेअरनं लगेच विचारलं, वर कोण? मी कौस्तुभचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला पहिलं तेच विचारलं.

"आता कुणाखाली घातलंस?"

"कौस्तुभदादांच्या."

"मधे कुणी नाही?"

"कुणी नाही."

"बरं," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

काकूंना कळलंय हे मी सरांनाही सांगितलं नाही. एक दिवस-रात्र म्हातारी उपाशी एकटी होती ही गोष्ट कौस्तुभच्या कानावर जाऊ नये, एवढीच त्यांना काळजी. "झालं गेलं गंगेला मिळालं," म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो चहा प्यायले नाही. एवढाच काय तो माझा निषेध.

दहा दिवस झाले. कौस्तुभ आला नाही.

कामं अडकली होती. आणि खरं तर, त्यानं मला फोनवर सांगितलं, आई छान आहे, तिला कळलेलं नाही, मग आता तशी घाई नाही ना? महिनाअखेरीला येतो. महिनाअखेरीला म्हणाला, नाताळची सुट्टी लागली की येतो, म्हणजे चांगलं महिनाभर राहता येईल, आईला एकदम सोडून निघावं लागणार नाही. प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं पटण्यासारखं असायचं. तोच तर ताप होता. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "दादा, लवकर या, त्या वाट बघताहेत." तो म्हणायचा, "हो ना, बाबांची." मी ओठ चावून गप्प बसायचे.

आणि रोजचा फोन चालूच. कौस्तुभच्या तोंडी काका रोज थोडे थोडे बरे होत होते. त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, नळी काढली, खिचडी सुरू झाली. एके दिवशी ते आधार घेऊन दोन पावलं चाललेसुद्धा. काकू विचारायच्या, तो सांगायचा, त्याचे कान लाल व्हायचे. मी त्या वेळेला होता होईतो तिथं थांबायचीच, कारण फोन ठेवल्यावर त्यांना कुणीतरी लागायचं.

"आज चालले म्हणे," एकदा त्या म्हणाल्या. "जिवंतपणी एवढं कधी ऐकलं नाही त्यांनी डॉक्टरांचं."

मला हसावं की काय करावं कळेना.

"तुला म्हणून सांगते," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऐकायला बरं वाटतं गं. खोटं आहे माहीत असतं, तरी दुपारपासून वाट बघते फोनची. आज काय करतील हे, म्हणून." त्यांनी पदर तोंडाशी नेला. वाटलं, आता. पण त्यांनी आवंढा गिळला आणि पदर खाली सोडला. "चल, छबूला चहा टाकायला सांग."

असं त्यांनी किती वेळा गिळलं, मी पाहिलंय. गिळून गिळून त्या खाली खाली गेल्या. पायांवर सूज आली, जिना चढून दुसरं कुणी वर आलं तरी त्यांनाच धाप लागल्यासारखी व्हायची. डॉक्टर घरी यायचे. वरच्या नावाची परवानगी लागायची ती कौस्तुभ तत्काळ द्यायचा. चांगल्यातले डॉक्टर, चांगल्यातली औषधं. त्यानं कशालाही कधी नाही म्हटलं नाही. त्याला वाटायचं, हृदयाचं जुनंच दुखणं आहे. डॉक्टरांनाही तसंच वाटायचं.

एकदा मी न राहवून म्हणाले, "काकू, मोडते मी शपथ."

"मोड की," त्या म्हणाल्या. "तिकीट काढलंय त्यानं. आता आठवडाभर राहिलाय, आणि तू आता मोडणार?"

मी मोडली नाही.

तो आठवडा पुरला नाही. एका दुपारी छबूताई चहा घेऊन बाहेर आल्या तर काकू काकांच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, मान किंचित कलती. मोबाईल मांडीवर होता. फोनची वेळ व्हायला अजून थोडा अवकाश होता. मी पोचले तेव्हा शेजारच्या बायका जमल्या होत्या. कपाळावरचं कुंकू ठसठशीत होतं, सकाळीच लावलेलं. "भाग्याची बाई," एकजण हळूच दुसरीला म्हणाली. "नवरा गेल्याचं कळलंसुद्धा नाही. सवाष्णीसारखीच गेली."

कौस्तुभ तिसऱ्या दिवशी पोचला. या वेळेला तिकीट लगेच मिळालं.

त्याला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. काकांचं नाक, काकूंचे डोळे. अमरधामहून आल्यावर तो घरात या खोलीतून त्या खोलीत नुसता हिंडत होता. काकूंचं नाव बंद करून करार संपवायचा म्हणजे त्याची संमती लागते, म्हणून खैरनार सरांनी मला लॅपटॉप देऊन पाठवलं होतं. मी तो उघडला नाही. तसाच मांडीवर ठेवून त्याच टेबलाशी बसले. छबूताई ओट्याशी भांडी पुसत होत्या.

"एकच समाधान आहे," कौस्तुभ म्हणाला. तो आरामखुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. "आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही. सुखात गेली."

"व्हय दादा," छबूताई आतून म्हणाल्या. "लई पुण्याची."

माझी शपथ तो येईपर्यंतची होती. आता तो आला होता.

"त्यांना माहीत होतं," मी म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"काका गेल्याचं. दुसऱ्याच दिवसापासून."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. कौस्तुभनं मान हलवली, आधी सावकाश, मग जोरजोरात. "शक्यच नाही. ती रोज बोलायची माझ्याशी. रोज विचारायची बाबांचं. जायच्या आदल्या दिवशीच म्हणाली, थंडी पडलीय, त्यांना स्वेटर घालायला सांग. मी हो म्हटलं."

"हो. मी इथंच होते."

"मग ती मला बोलली का नाही? एका शब्दानं म्हणाली असती तर मी दुसऱ्या दिवशी इथं असतो!" त्याचे कान लाल झाले होते. या वेळेला तो खरं बोलत होता. "कशाची वाट बघत होती ती?"

"तुमची."

"कशासाठी?"

"रडायला," मी म्हणाले.

खुर्चीच्या पाठीवरचा त्याचा हात घसरत घसरत खाली आला आणि तो खुर्चीशेजारी फरशीवरच बसला.

दाराची बेल वाजली. छबूताईंनी हात पुसत जाऊन दार उघडलं. काकूंचा डबा आला होता. त्यांचं नाव मी अजून बंद केलं नव्हतं.